दोन प्रती

अंबाजोगाईत, मोठ्या दवाखान्याच्या गेटासमोर,
चहाच्या टपरीला लागून
मपलं झेरॉक्सचं दुकान.
एक बाजू दोन रुपये, पाठपोट तीन.

एकोणीस वर्षं झाली,
दुसऱ्यांचे आजार काचेवर पालथे घालते,
झाकण लावते, उजेड सरकतो
या टोकाकडून त्या टोकाला,
अन् खालून माणूस निघतो, कोमट.

वाचायचं नाही, असं ठरवलं होतं सुरुवातीला.
पण कागद सरळ लावायचा तर डोळा पडतोच.
तसाच शिकले मी विमा.
बर्दापूरच्या एका मास्तरांचा कागद तीनदा काढला :
‘माहिती दडवल्याने दावा नामंजूर.’
दडवलं काय, तर बीपीची एक गोळी,
रोज सकाळची, हरभऱ्याच्या डाळीएवढी.
तिसऱ्या प्रतीचे पैसे घेतले नाहीत मी.

आता मपली पाळी.
आघावांचा सतीश बॅग घेऊन बसलाय स्टुलावर.
तीन रंगांची तीन पत्रकं, तिन्हींवर तेच हसरं कुटुंब :
नवरा, बायको, एक पोरगा, एक पोरगी,
दात कसे एकाच कारखान्यातले.
“काकू, हे घ्या दहा लाखांचं. सगळे हेच घेतात.”

सगळ्यांचं घेऊन मी काय करू बाबा?
यात बाळंतपणाचा खर्च दिलाय.
मी चोपन्नची आहे.
यादीत पुण्याचे बेचाळीस दवाखाने,
लातूरचा एक, तोही डोळ्यांचा.
छातीत कळ आली तर तिला म्हणू का,
पुणे येईपर्यंत दम धर?
अन् खोलीभाड्याची मर्यादा पार खाली, मुंगीच्या अक्षरात.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण अंथरुणाचं भाडं
पाय पसरल्यावर सांगू नये ना.

“शुगर लिहू नका,” तो हळूच म्हणाला,
“हप्ता चढतो. वर तीन वर्षं थांबावं लागतं.”
मला मास्तरांची गोळी आठवली.
शुगर लिहिली. पेन दाबून लिहिली,
पाठीमागच्या पानावर उमटेल एवढी.

मग आला कुटुंबाचा रकाना.
पती? मयत.
मुले? नाहीत.
“मग घरी कोण असतं काकू?”

प्रयाग असते.
नवऱ्याची धाकटी बहीण,
लग्नानंतर दीड वर्षात माघारी आलेली.
भाऊ गेला त्या रात्री
दुखवट्याच्या घरात, सगळ्या बायांदेखत
चूल पेटवून जिनं मला चहा पाजला.

“नणंद बसत नाही यात,” सतीश म्हणाला.
बोटानं रकाना दाखवला.
रकाना खरंच लहान होता.

म्हणून दोन.
दहा लाखांचं एक हसरं नको,
पाच-पाचचे दोन, साधे.
लातूरचे चार दवाखाने असलेले,
खोलीभाड्याला दावं न बांधलेले.
तिचा गुडघा तिच्या कागदावर,
मपली शुगर मपल्या.
महाग पडतं थोडं. दिवसाला तीस पानं
जादा काढावी लागतील. काढू.

वारसाच्या जागी मी तिचं नाव घातलं,
तिनं मपलं.
पुढं ‘नाते’ होतं, तिथं ती अडली.
“भावजय लिही की.”
“भाऊ कुठंय आता?”
पेन तसाच धरून बघत राहिली माझ्याकडं.
सतीश उगाच मोबाईल चाळायला लागला.
मग तिनं काहीतरी लिहिलं, एकच शब्द,
अन् कागद घडी न घालता पालथा सरकवला.

घरच्या फाईलीला दोन प्रती लागतात.
काचेवर ठेवला तेव्हा
डोळा पडला असता सहज.
मी बाहेर बघितलं, एसटी वळत होती.
झाकण लावलं.
उजेड सरकला.